कपाळाच्या मापाची काठी

"धर घट्ट, पोरी," मांडववाला म्हणाला. आणि मी धरली.

माझ्याच बापाची काठी. एक टोक माझ्या हातात, मधला भाग मांडववाल्याच्या गुडघ्याखाली आणि पलीकडच्या टोकावर त्याची करवत. मी बारा वर्षांची होते. अंथुर्ण्याजवळच्या मळ्यात तात्यासाहेबांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त. भुसा माझ्या नव्या परकरावर पडत होता आणि मी तो झटकतही नव्हते, कारण हात सोडला असता तर काठी हलली असती. मला वाटत होतं, काठी हलली तर आपली चूक होईल.

अप्पा शेजारी उभा होता. अप्पा म्हणजे माझा बाप. आठवडाभर त्यानं त्या काठीला तिळाचं तेल चोळलं होतं. तात्यासाहेबांनी स्वतः निरोप धाडला होता ना, "लग्नात तुझा काठीचा खेळ दाव" म्हणून! अप्पाला वाटलं, आपल्या खेळाला बोलावणं आलं. पांढरी लुंगी परीटघडीची करून घेतली होती त्यानं. मांडवात गेल्यावर कळलं की मांडव बुटका आहे. वर झालर, मधोमध कागदी झुंबर. काठी फिरवली तर झुंबराला लागणार.

"भाईर खेळतो, तात्यासाहेब," अप्पा म्हणाला. "मोकळ्यात. काटी मोट्टी हाय."

"पाव्हण्यांना उन्हात बशिवू काय तुझी काठी बघायला?" तात्यासाहेब सोफ्यावरनं हलले पण नाहीत. "कापा रं ती. दीड वीत कमी झाली म्हणून मरतो काय ह्यो मद्राशी?"

लोक हसले. कुणीतरी मागनं "यंडुगुंडू, यंडुगुंडू" केलं. नवरदेव पण हसला. फेटा सावरत, तोंडात विडा, पाटावर चढायच्या आधी मजा बघायला थांबला होता.

आणि माझा बाप? तोही हसला. सगळे दात दाखवून. ते हसू मी आजतागायत विसरलेले नाही.

त्या खेळाला सिलंबम म्हणतात. आमच्या तमिळ मुलखातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. काठी विकत आणून कुणाच्याही हातात द्यायची, असं त्यात नसतं. ज्याची काठी, त्याच्या कपाळाचं माप. पाय जुळवून ताठ उभं राहायचं, काठी शेजारी उभी धरायची, आणि वाद्यार, म्हणजे शिकवणारा, भुवईच्या वर बोट ठेवून खूण करतो. तिथं काठी कापायची. पोर वाढलं की नवी काठी. जुनी धाकट्याला. काठीवरनं कुणी ओलांडून जायचं नाही, तिला बसायला घ्यायचं नाही, कुत्र्यामांजराला हाणायचं नाही. खेळायच्या आधी टोक भुईला लावायचं, मग कपाळाला. मग वाद्यारला नमस्कार. भुई आणि वाद्यार, बास. तिसरं कुणी नाही.

अप्पानं मांडवात ती कापलेली काठी भुईला लावली. तात्यासाहेब ओरडले, "भुईच्या काय पाया पडतो? लग्न भुईचं हाय का? हिकडं पड!"

अप्पा वळला. सोफ्याकडं वाकला.

नंतर तो खेळला. आखूड काठीनं. सारखी हाताला चुकत होती, दोनदा पडली. पडली की लोक जास्त हसायचे. जेवणं उरकल्यावर बँजोवाल्यांना टॉवेल-टोपी दिली, मांडववाल्याला दिली, आचाऱ्याला दिली. अप्पाला सांगितलं, टेबलं उचलू लाग. त्यानं लुंगी वर खोचली आणि टेबलं उचलली. मीही खुर्च्या उचलल्या.

घरी आल्यावर त्यानं मला दाराच्या चौकटीला ताठ उभं केलं आणि ती काठी माझ्याशेजारी धरली. भुवईच्या वर अचूक आली. "उनक्कु सरी," म्हणाला. तुला बरोबर. आणि दिली माझ्या हातात, जशी काय बाजारातनं खाऊ आणलाय.

मी ती चुलीत घालायला निघाले होते. आईनं हिसकावून घेतली आणि पत्र्याच्या आढ्याला खोचली. त्या दिवसापासून मी बापाशी तमिळ बोलणं सोडलं.

आता आम्ही इथं कसे, ते सांगते. बोअर पाडायच्या गाड्या तुम्ही बघितल्या असतील. उसाच्या पट्ट्यात कुठंही जा, गाडी आमच्या सेलमकडची. अप्पा त्या गाडीवर कामाला होता. पाईप जोडायचा, पाईप काढायचा, अंगभर चिखल. शेळगावात एका विहिरीशेजारी बोअर पाडताना पाईप पायावर पडला. गाडी पुढच्या गावाला गेली, अप्पा मागं राहिला. मग लासुर्ण्याच्या पुढं तात्यासाहेबांच्या पड जागेत खोली टाकली, आईला आणलं, रस्त्यावर इडलीचा गाडा लावला. हळूहळू तिथं आमची सात घरं झाली. कुणी गाड्यांची दुरुस्ती करणारं, कुणी मुरक्कू, म्हणजे आमच्याकडची चकली, तळून विकणारं. सगळी तात्यासाहेबांच्या जागेत. कागद नाही, पत्र नाही. त्यांनी 'राहा' म्हटलं म्हणून राहायचं. आणि दरवर्षी गावाकडनं बोअरची गाडी आली की लोखंडी पाईपांच्या मधे बांधून चार-पाच कोऱ्या काठ्या यायच्या. अप्पा आधी त्या उतरवून घ्यायचा आणि मग माणसांना 'कसे आहात' विचारायचा.

शाळेत माझं नाव कुणी घेतच नव्हतं. "ए इडली." मास्तरसुद्धा! मी चिडायचे आणि पुन्हा मराठीच जास्त बोलायचे. शेळगावच्या बायांना फिकं पाडीन अशी बोलायला लागले. तरी इडलीच. तेव्हा डोक्यात आलं, अरे, आपण आपलं सगळं टाकून दिलं तरी ह्यांना पुरत नाही. मग टाकायचं कशाला?

सतरा वर्षांची असताना एकदा अप्पाला तोंडावर विचारलं, "हसलास का त्या दिवशी?"

तो इडलीचं पीठ घोटत होता. मान वर न करता म्हणाला, "सात घर हाय."

एवढंच. सात घरं होती म्हणून हसला. मला ते समजलं. पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी घरामागच्या मातीत जाऊन त्याच्यापुढं ताठ उभी राहिले. ती आखूड काठी तोवर माझ्या खांद्यालाही येत नव्हती. अप्पानं कोरी काठी उतरवली, भुवईवर बोट ठेवलं आणि कोयत्यानं खूण केली. "निमिर्न्दु निल्लु," म्हणाला. ताठ उभी राहा. त्यानंतर पाय चुकला की नडगीवर काठी बसायची. लाड नाहीत.

मी रोज एसटीनं बारामतीला जाऊन बीपीएड केलं. एका संस्थेच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले, करारावर. संस्थेचे चेअरमन कोण? तात्यासाहेबांचा तोच थोरला मुलगा. तात्यासाहेब तोवर गेले होते. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कोपऱ्यात मी मुलींना सिलंबम शिकवायचे. नऊ जणी. सहा आमच्या सात घरांतल्या आणि तिघी इथल्या. त्यातली सगळ्यात उंच कोमल, शेळगावची. तिचे आजोबा मेंढरं राखायचे. पहिल्या दिवशी काठी हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या आबाच्या हातात बी कायम काठीच असायची. आबा म्हणायचा, काठी ज्याची त्याची." मी म्हटलं, तुला फारसं शिकवायला लागणार नाही.

गॅदरिंग जवळ आलं. चेअरमनांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमच्या पोरींचं काठीचं बसवा की. मंत्रालयातनं पाव्हणं येणार हायत. बोर्डावर मर्दानी खेळ म्हणून लावा. मद्राशी-बिद्राशी काय नको. नऊवारी नेसवा. आणि म्हाताऱ्याला आणू नका म्होरं, लुंगीवर बरं दिसत न्हाय."

मर्दानी खेळ ह्या मातीतला आहे. त्याचा मला मान आहे, त्यातले दोन उस्ताद माझे मित्र आहेत. पण त्याचं नाव त्याला आणि ह्याचं ह्याला. हे मी तिथं बोलायला हवं होतं. मी काय केलं? हसले. सगळे दात दाखवून. "बरं सर," म्हणाले.

बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या नोटिसांच्या काचेत माझं तोंड दिसलं. ते हसू अजून तोंडावर होतं. अप्पाचंच. जसंच्या तसं. मला घाण वाटली स्वतःची. बापाला एवढी वर्षं मनातल्या मनात ज्या हसण्यापायी शिव्या घातल्या, ते माझ्याच तोंडात येऊन बसलं होतं, आणि मला तर कुणी सोफ्याकडं वाकायलाही सांगितलं नव्हतं अजून.

तेही झालं. तालमीच्या दिवशी चेअरमन मैदानावर आले. पोरींनी काठ्या भुईला लावल्या, कपाळाला लावल्या. "ह्ये काय? सुरवातीला स्टेजकडं वाका. पाव्हणं बसल्यात तितं." मग लांब उभं राहून मोबाईलमधून बघितलं. "काठ्या खालीवर हायत. फोटोत येडंबागडं दिसतंय. एका लांबीच्या करा. सगळ्यात बुटक्या पोरीएवढ्या." शिपायाला हाक मारली. "करवत आण रं."

शिपाई करवत घेऊन आला. साधा माणूस, त्याचा काय दोष? कोमलची काठी सगळ्यात लांब, म्हणून पहिली तिची घेतली. बाकावर आडवी टाकली आणि तिला म्हणाला, "धर घट्ट, पोरी."

कोमलनं धरली.

तिनं माझ्याकडं बघितलं. चूक तर नाही ना होत, असं बघितलं. अगदी तसंच मी बघितलं होतं अप्पाकडं, आणि अप्पा हसला होता.

"सोड," मी म्हणाले. आवाज असा निघाला की शिपाई पण थांबला. मी काठी बाकावरून उचलली, कपाळाला लावली आणि कोमलच्या हातात दिली. "काठी कापायची न्हाय, सर."

"का?"

"तिच्या कपाळाच्या मापाची हाय."

चेअरमन हसायला लागले. मोकळं, जुनी गंमत आठवल्यासारखं. "अगं, तुझ्या बापाची काठी तर माझ्याच लग्नात कापली हुती! तवा कसा हसत हुता गडी. इचार त्याला."

"विचारायला कशाला पायजे? ती काठी मीच धरली होती. आता धरणार न्हाय, आणि माझी एक पण पोरगी धरणार न्हाय. खेळाचं नाव सिलंबम. बोर्डावर तेच लावा. पोरी भुईला आणि वाद्यारला नमस्कार करतील. वाद्यार माझा बाप हाय. तो लुंगीवर येईल आणि पुढं बसेल. जमत नसेल तर आमी येत न्हाय."

"कुणाच्या जागंत राहता, ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

ते ठावं आहे म्हणूनच तर तीस वर्षं आमची मान खाली होती. पोरींना म्हटलं, चला. नऊच्या नऊ जणी माझ्यामागून चालत फाटकाबाहेर आल्या. पुढं कोमल, काठी खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी करार संपल्याचं पत्र. आठवड्यात माणूस आला, पावसाळ्याच्या आत जागा रिकामी करा म्हणून. सातही घरांतली माणसं आमच्या दारात जमली. मला काय काय बोलली! "तुझ्या काठीपायी आमी रस्त्यावर यायचं का? बापानं मान खाली घातली म्हणून तू शिकलीस." खरं होतं ते. एवढंच म्हणाले, "तीस वर्षं राहिलोय हितं. लाईटची बिलं हायत, रेशनकार्डं हायत. इंदापूरला वकील बघितलाय. उठवायला येऊ द्यात, मी दारात उभी हाय." निम्म्यांनी तोंड फिरवलं. दोन घरांनी सामान बांधायला घेतलं. मुरक्कूवाली थोरली मावशी, आमची पेरियम्मा, मात्र म्हणाली, "कार्ड कुठं द्यायचं?"

अप्पा माझ्यावर रागावला होता. पाठ थोपटणं वगैरे काही नाही. चार दिवस त्यानं मला इडलीच्या पिठाला हातही लावू दिला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी पोरींना घेऊन कालव्याच्या भरावावर गेले. मैदान बंद झालं होतं ना! नऊतल्या सात आल्या, आणि एक नवी आली, कोमलची धाकटी बहीण. थोड्या वेळानं बघते तर भरावावरनं अप्पा येतोय. लंगडत. लुंगी, हातात कोयता, काखेत एक कोरी काठी. माझ्याकडं बघितलंही नाही. त्या छोटीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "निमिर्न्दु निल्लु." तिला कळलं नाही. कोमलनं तिची पाठ सरळ केली. अप्पानं भुवईच्या वर बोट ठेवलं, खूण केली आणि एका घावात कापली. मग माझ्याकडं वळून चक्क ओरडला, की उजवा पाय चुकतोय तुझा, शिकवतेस काय?

ती आखूड काठी आढ्याला अजून खोचलेली आहे. मी ती कुणाला देत नाही. तिचं माप कपाळानं घेतलेलं नाही, मांडवानं घेतलेलं आहे.

जागेचं काय होईल, मला माहीत नाही. कदाचित उठवतीलही. उठवलं तर काठ्या घेऊन उठू आणि जिथं जाऊ तिथं मातीत पाय रोवून पुन्हा उभ्या राहू. पण आता माझ्या एकाही मुलीची काठी कुणाच्या छतासाठी कापली जाणार नाही. मांडव बुटका असेल तर ज्याचा त्यानं उंच करावा.