जागामामाची अक्षरं

जागामामाला माणसांपेक्षा मशीनची दमणूक आधी दिसायची. कुंभकोणमला बस स्टँडमागे त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की तो म्हणायचा, "थांबा, अगोदर जागा करतों." जागा कॉम्प्युटरमध्ये करायची असे. चालू असेल ते सगळं तो बंद करी, नको असेल ते पुसून टाकी आणि मगच एक काम उघडी. "ह्या पेट्टीला एकच घास भरवावा. दोन दिलास तर ठसका लागतो." त्याचं जागामामा हे नाव आम्हा भाचरांनी ठेवलेलं.

गावात तमिळ छापणारे पुष्कळ होते. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या आम्हा मराठी माणसांची घरातली जुनी मराठी छापणारं कुणी नव्हतं. मामीला लग्नाची, ओटीभरणाची गाणी तोंडपाठ, आणि घरातल्या मुलींना त्यातल्या दोन ओळीही धड येईनात. म्हणून मामाने रिकाम्या वेळात, ठिपक्याला ठिपका जोडत, पडद्यावर देवनागरी अक्षरं काढली. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, ते मी बसवून दिलं. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीत यायचो.

दुपारी मामी स्टुलावर बसून गाणी सांगे, तो टाईप करी.

"हळू गं. मशीनला दम लागतो."

"मशीनला की तुम्हांला?"

एका सुट्टीत मामा पत्रिका पोचवायला तिरुक्करुगावूरला गेला होता. साक्कोट्टैचा एक मुलीचा बाप देवाचं मोठं चित्र फ्लॉपीवर घेऊन आला. पत्रिकेवर तेच हवं, आणि आजच. डिस्कवर जागा नव्हती. महिनोन्‌महिने न बदललेली एक फाईल दिसली, ती मी पुसली. तिच्यात मामाची अक्षरं असावीत, असा अंदाज मला होता. मामाच्या फ्लॉपीवर त्यांची नक्कल असेलच, असं मी धरून चाललो. त्या फ्लॉपीवर गाणी होती, अक्षरं नव्हती. आणि डिस्कवर त्यांच्या जागी ते चित्र जाऊन बसलं होतं.

परत आल्यावर मामाने मला शाबासकी दिली. "जागा केलास. शिकलास."

काही दिवसांनी त्याने गाणी उघडली. अक्षरांची फाईल गेल्यामुळे पडद्यावर गाण्यांच्या जागी आडव्या-उभ्या रेघा, चौकोन, कसल्याकसल्या खुणा. त्याने बंद करून पुन्हा उघडली, तेच. "सदा पुसत बसतों, माझाच हात लागला असेल," म्हणाला. मी त्याला तसंच समजू दिलं.

याहून वाईट पुढे आहे. त्या खुणा मला वाचता येत होत्या. कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर, ते मीच ठरवलेलं. एका सुट्टीत सगळी गाणी हाताने उतरवून झाली असती.

मामी अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गेलो. मामा तिच्या उशाशी बसून सांगत होता, "तुझीं गाणीं मी घालवलों." मग माझ्याकडे वळला. "इंजिनिअर, तूं सांग. परत येतील काय?"

हो म्हटलं असतं, तर गेली कशी तेही सांगावं लागलं असतं.

"नाही मामा," मी म्हणालो.

"असूं दे," मामी म्हणाली. "मी परत सांगतें. लिहून घ्या." तिने एक ओळ सुरू केली, ती अर्ध्यावर राहिली.

"हळू गं," मामा म्हणाला. "दम लागतो."

या वेळी तिने त्याला उलट काही विचारलं नाही. माझ्या हातात कॉफीचा पेला होता. मी कॉफी उभ्या उभ्या संपवली.