पोरीचं साक्षगंध आणि बापाचं तोंड

माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या (म्हणजे साखरपुड्याच्या) दिवशी, भर मांडवात, माझं तोंड उघडलं नाही.

म्हणजे लाजून किंवा रागावून नाही. खरोखरच उघडलं नाही. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत बसतं, तसं बसलं.

हे आधीच कळायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. मी एसटीत कंडक्टर आहे, चंद्रपूर-गडचिरोली मार्गावर, आणि नोकरीला लागल्यापासून माझ्या गालात खर्रा. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही.) घरी वंदनेला बसून पंचशील म्हणतानाही तो गालातच असायचा. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की मी आवाज जरा खाली घेत असे आणि तेवढ्यापुरतं मूर्तीकडे बघत नसे.

सुरुवात तिखटानं झाली. साधं वरण झोंबायला लागलं. बायकोला, कुंदाला, मी रोज विचारायचो, "भाजीत एवढं तिखट काऊन टाकून राह्यली?" तिनं निम्मं केलं. तरी आग. आणखी कमी केलं. तरी आग. शेवटी ती वैतागली. "आता काय भाजीले मिरचीचा नुसता फोटो दाखवू?"

मग शिट्टी वाजेना. गाडी मागे घेताना मी जीव लावून फुंकायचो आणि नुसती फुस्स हवा निघायची. मी शिट्टी बदलली. तीही खराब निघाली. दुकानदाराशी भांडलो! आपले गाल फुगत नाहीत, हे मात्र डोक्यात आलं नाही.

मग थांब्यांची नावं गेली. एका म्हातारीला सावली गावाला उतरायचं होतं, ती थेट गडचिरोलीला पोचली.

"तू सावली बोललाच नाई रे बाप्पा!"

"बोललो ना, बाई!"

"बोलला नाई. चावला तू!"

सगळी गाडी हसली. मीही हसलो, जेवढं हसता येत होतं तेवढं.

साक्षगंध तोंडावर आलं आणि मागची दाढ पेटली. ब्रश तिथवर पोचत नव्हता, म्हणून कीड निवांत पोचली होती. लवंग ठेवायला गेलो, तर बोट दाढेपर्यंत पोचेना. गाल सुजून लिंबाएवढा झाला.

"दाताच्या डॉक्टरकडे चला," कुंदा म्हणाली.

"साक्षगंध होऊ दे. आणि दाढ काढली की डोळे जातात म्हणे."

"कोण म्हणते?"

"डेपोत सगळेच म्हणतात." (डेपोत डोळ्यांचा डॉक्टर कुणी नव्हता.)

अशा गालानं मी सिंदेवाहीला आमच्या घरासमोरच्या मांडवात बसलो. प्रणाली माझी एकुलती एक. स्थळ ब्रह्मपुरीचं, मुलगा चांगला, आणि त्याचे वडील खोब्रागडेभाऊ म्हणजे धिप्पाड शरीर आणि त्याहून धिप्पाड आवाज. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. खोब्रागडेभाऊंनी एक भला मोठा पेढा उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"घ्या भाऊ! आजपासून आपण व्याही!"

मी तोंड उघडलं. म्हणजे मला वाटलं, उघडलं. पेढा ओठांवर आपटला. त्यांनी प्रेमानं रेटला. मी प्रेमानं मागे सरकलो. त्यांनी आणखी रेटला, तर पेढ्याचा भुगा मिशीत गेला. फोटोवाला म्हणाला, "काका, मोठा आ करा!" मी सगळा जोर लावला आणि दाढेतून अशी कळ निघाली, की माझा हात आपोआप उठला आणि पेढ्यासकट व्याह्यांचा हात उडवला!



"काय झालं, भाऊ?" खोब्रागडेभाऊंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"उघडून नाई राह्यलं," मी म्हणालो.

दातांच्या फटीतून ते जसं बाहेर पडलं तसं पडलं. मुलाची आत्या मागे वळून बायकांना म्हणाली, "आवडून नाई राह्यलं म्हणते!"

"काय आवडून नाई राह्यलं?" खोब्रागडेभाऊ उभे राहिले. "पोरगा का घर? हे आधी सांगाचं होतं ना! अंगठी घातल्यावर सांगून राह्यले?"

मी जोरजोरात मान हलवली. (माझी मान 'तसं नाही' म्हणत होती. बघणाऱ्यांना ती 'नाही, आवडलं नाही' म्हणताना दिसली.) कुणीतरी प्रणालीला घरात नेलं. आत्या पाटावरचं ताट उचलायला लागली. कुंदा मध्ये धावली आणि साऱ्या मांडवासमोर ओरडली, "अवो, त्याईचं तोंडच उघडत नाई! खर्रा खाऊ खाऊ बंद झालं!"

आता सगळे हसतील, असं मला वाटलं. हसू आलंही मागून कुठून तरी. पण खोब्रागडेभाऊ हसले नाहीत. ते खाली बसले आणि माझी हनुवटी हातात धरून, एखाद्या लेकरासारखं माझं तोंड बघत राहिले.

"माह्या धाकट्या भावाले असंच होत होतं," ते म्हणाले. "आधी तिखट झोंबे."

त्यांच्या घरात धाकटा भाऊ आता नव्हता, हे स्थळ बघायला गेलो तेव्हाच कळलं होतं. कशानं गेला, ते आम्ही विचारलं नव्हतं.

जेवणं तशीच राहिली. व्याह्यांनी मला आपल्या गाडीत घातलं. कुंदा बसली, प्रणाली साक्षगंधाच्या साडीतच बसली, जावई पुढे बसला. अशी वरात चंद्रपूरच्या दाताच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. एवढी माणसं आणि नटलेली नवरी मुलगी बघून त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

पाचही हात माझ्याकडे वळले. (पाचवा माझाच होता.)

"तुमचीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला," त्या म्हणाल्या. एक गेलं. दुसरं अर्धवट. त्यांनी बारका आरसा कसाबसा आत सरकवला आणि गालाची आतली बाजू दाबून बघितली.

"सुपारी-तंबाखूनं गालाच्या आतली कातडी कडक होते, पट्टे पडतात. म्हणून तोंड उघडत नाही, गाल फुगत नाहीत, तिखट लागतं. दाढेत पू आहे, आधी गोळ्या. तोंड थोडं उघडलं की दाढ काढू."

"डोळे...?"

"दाढेचा आणि डोळ्यांचा काही संबंध नाही."

"मग हे तोंड मोकळं व्हायची गोळी नाई का?"

"खर्रा बंद करा. तो चालू असताना कुठलंच औषध लागू पडत नाही."

मी समजूतदारपणे मान डोलावली, घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर घोटलेल्या खर्र्याची पन्नी बाहेर येऊन बाईंच्या बुटाजवळ पडली. प्रणालीनं वाकून ती उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "डाव्या गालात एक पांढरा-लाल चट्टा आहे. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

"कशासाठी?" कुंदानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते विनोदानं सांगायचा मी बराच प्रयत्न केला आहे. जमत नाही. हात खिशात जायचा आणि रिकामा परत यायचा. डोकं ठणकायचं, झोप यायची नाही, तिकिटं चुकायची. घरात सगळे माझ्याशी इतके गोड बोलायला लागले, की माझी भीती आणखी वाढली! कुंदानं मीठ कमी पडलं म्हणून मला सॉरी म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

प्रणाली एकदाच बोलली. मी पेज पीत होतो, ती समोर बसली.

"बाबा, मी लग्न पुढे ढकलतो म्हणून सांगून राह्यली त्याईले."

"काऊन?"

"तुमी नसले तर मले कोण..." आणि तिला पुढचं बोलता येईना. तिचं तोंड तर चांगलं उघडत होतं.

मी पेजेत बघत राहिलो. माझ्या गालात काय आहे ते मला माहीत नव्हतं, पण ते मी रोज स्वतःच्या हातानं घोटून, स्वतःच ठेवलं होतं.

रिपोर्ट घ्यायला खोब्रागडेभाऊ ब्रह्मपुरीहून आले. बाईंनी कागद वाचला. कॅन्सर नव्हता. पण त्याच्या वाटेवरचं काहीतरी होतं. चट्टा कापून काढावा लागेल आणि जन्मभर तपासायला यावं लागेल. गालाचा कडकपणा पूर्ण जाणार नाही, इंजेक्शनं आणि व्यायामानं थोडा फरक पडेल. आम्हाला एवढंच ऐकू आलं, की कॅन्सर नाही. खोब्रागडेभाऊ बाहेर जाऊन जिन्यावर बसले आणि बराच वेळ तोंडावर रुमाल धरून राहिले. ते माझ्यासाठी रडत नव्हते, हे मला कळत होतं. मी शेजारी नुसता बसलो.

चट्टा निघाला. गालात इंजेक्शनं बसली, तेव्हा डोळ्यांपुढे सगळा डेपो चमकला. दाढ निघाली आणि डोळे जागेवर राहिले. तोंडाचा व्यायाम मात्र कायमचा मागे लागला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जबडा ताणायचा, जमलं की आणखी एक काडी सरकवायची. दिवसातून अनेकदा, कुठेही असलो तरी. ठरलेल्या तारखेलाच प्रणालीचं लग्न झालं आणि त्या दिवशीही कुंदानं मला सुट्टी दिली नाही. "पाव्हणे पाह्यतील!" म्हटलं, तर म्हणाली, "पाहू द्या."

लग्नाचा अल्बम आला. पाठवणीचे फोटो छान आलेत. नवरी शांत उभी आहे, विहीणबाई शांत, कुंदाही शांत. आणि मधोमध मी, आभाळाकडे तोंड करून, उघडेल तेवढा आ वासलेला. तोंड वर असल्यानं दातांतल्या काड्या फोटोत कुठेच दिसत नाहीत. जो अल्बम बघतो तो गहिवरून म्हणतो, "पोरीसाठी असा हंबरडा फोडणारा बाप पाह्यला नाई!" मी कुणालाही दुरुस्त करत नाही. मी रडत नव्हतो, व्यायाम करत होतो. आणि रडत होतो ते त्याच्या आधी, मांडवाच्या मागे, तोंड बंद करून.