चौसष्ट मेंढरांची वाघर

"आई, निम्मं नको करूस! वर्गमूळ काढ, वर्गमूळ!"

माझी लेक अशी ओरडली की सोलापुरातले सगळे पंखे घाबरून बंद पडले. वीज जाणारच होती म्हणा, पण दहा मिनिटं उशिरा गेली असती.

चुकलं काय, तर तिनं चौसष्टचं वर्गमूळ विचारलं आणि मी ताडकन बत्तीस सांगितलं. इतक्या वेगानं चुकायलाही डोकं लागतं. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी यंदा दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. नववीतली माझी लेक आमची मास्तरीण. दुपारी कडक भाकरीची परात बाजूला सारली की तिथंच शाळा भरायची, आणि लेक बसायची माझ्या मांडीला मांडी लावून. तो माझा मान.

मग तिनं तोच प्रश्न काकूला विचारला. जाऊ सांगोल्याकडची, माहेरी मेंढरं. तिनं वहीकडं बघितलंसुद्धा नाही. मेंढराला एक पाऊल लांब, एक पाऊल रुंद जागा धरायची, म्हणाली. चौसष्ट मेंढरांभोवती चौकोनी वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, तर बाजू आठ पावलांची. आठच की.

लेकीनं मुद्दाम पन्नास विचारलं.

"साताला एक मेंढरू भाईर ऱ्हातंय, आठाला जागा लई उरती," जाऊ म्हणाली. "सात आन् वर थोडं."

लेक उठली आणि काकूच्या मांडीला मांडी लावून बसली. माझ्या पोटात जी आग पडली, तिच्यावर अख्ख्या गल्लीच्या भाकऱ्या कडक झाल्या असत्या. नऊ महिने पोटात मी वागवली, आणि ही बया चौसष्ट मेंढरांवर फितूर झाली!

पुढचे चार दिवस मी पुस्तक असं वाचलं की पानांवरची शाई फिकी पडली. जाऊ दळणाला गेली की उघडायचं, चपलांचा आवाज आला की उशीखाली. पाचव्या दिवशी लेकीनं लिहिलं, एक्सचा वर्ग एकोणपन्नास, तर एक्स किती? जाऊ म्हणाली, सात. मी घसा खाकरला.

"सात आणि उणे सात. उणे साताला उणे सातानं गुणलं तरी एकोणपन्नासच येतात."

लेक माझ्याकडं बघतच राहिली. "आई, बरोबर," म्हणाली आणि वही घेऊन माझ्या बाजूला सरकली. मी मिरवणूकच काढणार होते, हत्ती मिळेना म्हणून राहिलं.

तरी जीव शांत होईना. जाऊ पीठ चाळत होती, तिला मी साखरेच्या आवाजात विचारलं, "काय गं, उणे सात कसं सुटलं तुझ्याकडनं?"

तिनं मान वर केली नाही. चाळणी तशीच हलत होती.

"उणे सात पावलांत मेंढरं बसत न्हाईत, अक्का."