पदाया कुंभाराची साक्ष

पदाया कुंभार भित्रा होता. विंचवाला भ्यायचा, ओढ्याच्या लोंढ्याला भ्यायचा, रोमी शिपायांच्या घोड्यांचा आवाज आला की घरात जाऊन बसायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. पण ही सगळी साधी भीती होती. खरी भीती त्याला पुढे शिकवण्यात आली, आणि ती शिकवणारी माणसं भली होती. वाईट माणसांना हे काम इतकं नीट जमलं नसतं.

यरीहोला त्याच्या बापाचं चाक होतं. धरणीकंप झाला त्या साली घराची भिंत आईबापांवर कोसळली. मागे उरले दोघे भाऊ, वीस वर्षांचा पदाया आणि सोळा वर्षांचा अज्जूर. त्याच हिवाळ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस रांजण घ्यायला आला. रांजण वाजवून बघता बघता त्याने विचारलं, "जमीन का हलली, ठाऊक आहे?"

"नाही, बुवा."

"काळ भरत आलाय म्हणून. देवाने दोन आत्मे केले, एक उजेडाचा, एक काळोखाचा. जन्माला आलेला प्रत्येक माणूस ह्या नाहीतर त्या वाट्याचा. शेवटची लढाई होईल तेव्हा काळोखाचा सरदार बलियाल आणि त्याच्या वाट्याची सगळी माणसं अशी पुसली जातील की रडायलाही मागे कुणी नसेल. तू कुठल्या वाट्याचा?"

रांजणाची किंमत विचारली असती तर पदायाने सांगितली असती. हे मात्र त्याला सांगता येईना. पंधरा दिवसांत त्याने चाक गाडीवर घातलं आणि धाकट्याला घेऊन खाऱ्या समुद्राकाठी त्या पांढऱ्या कपडेवाल्यांच्या वस्तीवर येऊन उभा राहिला. अज्जूरला कुणी काही पटवून दिलं नव्हतं. दादा निघाला म्हणून तोही निघाला.

वस्तीत घेण्याआधी माणूस तपासून घ्यायची रीत होती. एक म्हातारा शास्त्री अंगावरचा कपडा उतरवायला लावी आणि पायाच्या बोटांपासून बघायला सुरुवात करी. मांड्या, केस, दात, डोळे, आवाज. माणसाचे नऊ भाग धरायचे, आणि त्यातले उजेडाच्या घरातले किती, काळोखाच्या खड्ड्यातले किती, ते अंगावरून ओळखायचं. अज्जूरची बोटं लांब आणि सडपातळ, दात एका रांगेत. "आठ उजेडाचे, एक काळोखाचा," म्हातारा खुशीत म्हणाला. मग पदाया पुढे झाला. त्याची बोटं आखूड आणि जाड, मांड्यांवर केसांचं रान. म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं, बोरू शाईत बुडवला, चामड्यावर काहीतरी लिहिलं आणि गुंडाळी करून बाजूला ठेवली.

"किती, बाबा?"

"तुला काय करायचंय? नियम पाळ."

तो न सांगितलेला आकडा पुढची अकरा वर्षं पदायाच्या डोक्यातून गेला नाही. रोज जेवणाआधी शुद्धीसाठी पाण्याच्या टाक्यात उतरताना पदाया स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघायचा. तीन भाग उजेडाचे असतील? का दोनच? एकदा त्याने धीर करून कारभाऱ्याला विचारलं, की वाटा जर आधीच ठरलाय तर नियम पाळून तो वाढतो का? कारभारी यदूथून शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. तो म्हणाला, "पदाया, असले प्रश्न कुठल्या बाजूने येतात, याचा तूच विचार कर." त्यावर पदायाने पुन्हा म्हणून प्रश्न विचारला नाही.

नियम मात्र असे पाळले की म्हाताऱ्यांनी त्याचं उदाहरण द्यावं. बैठकीत कधी डुलकी काढली नाही, कुणाच्या बोलण्यात तोंड घातलं नाही, खोटं तर चुकूनसुद्धा बोलला नाही, कारण खोटं म्हणजे थेट काळोखाची बोली. वस्तीत एक म्हणच झाली, पदाया म्हणाला म्हणजे झालं.

अज्जूरचं तसं नव्हतं. एकदा याजक भाकरीवर हात ठेवून आशीर्वाद म्हणत होता आणि ऐन मध्यावर त्याला उचकी लागली. शंभर माणसं खाली मान घालून बसलेली, आणि अज्जूर फस्सकन हसला. तीस दिवसांची शिक्षा झाली, भाकर चतकोराने कमी.

"हसण्यासारखं काय होतं रे त्यात?" पदाया चिडून म्हणाला.

"तू त्याचं तोंड बघितलं नाहीस, दादा."

"मी डोळे मिटले होते."

"तेच तर! तुझे सदा मिटलेलेच असतात." आणि मेला पुन्हा हसला.

पण बैठकीत जागा लावल्या तेव्हा अज्जूर दादाच्या वर बसला. आठ भाग होते ना. पदायाला त्याचा हेवा वाटला नाही, उलट बरं वाटलं. शेवटच्या दिवशी आपण कुठल्याही बाजूला पडलो तरी धाकटा सुखरूप आहे, या एका विचारावर त्याला झोप लागायची.

अकराव्या वर्षी, कापणीच्या सुमारास, भट्टी पडली. गुंडाळ्या ठेवायचे उंच रांजण भाजून झाले होते आणि ते काढायला पदाया वाकून आत शिरला होता. वरचा घुमट तडकला, धडाड्कन खाली आला, आणि तो छातीपर्यंत विटांखाली गाडला गेला. डोळ्यांत राख, तोंडात राख. बाहेर अज्जूर एकटाच होता. पदायाने त्याचा आवाज ऐकला. तो दादाला हाक मारत नव्हता. तो देवाला हाक मारत होता, देवाच्या नावाने. जे नाव कुणी ओठांवर आणत नाही, वाचताना पोथीत आलं तरी जिथे जीभ थांबते, ते नाव तो पुन्हा पुन्हा ओरडत होता आणि तापलेल्या विटा नुसत्या हातांनी फेकत होता.

पदाया बाहेर निघाला तेव्हा अज्जूरच्या तळहातांची सालटी गेली होती.

"जिवंत आहेस?"

"आहे."

"मला वाटलं, गेलास." अज्जूर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"अज्जूर, तू काय ओरडलास?"

"मी? ओरडलो होय? दादाबिदा म्हणालो असेन."

त्याला आठवतच नव्हतं. पदायाने त्याच्याकडे नीट बघितलं. खोटेपणाचा लवलेश नव्हता तिथे.

नियम स्पष्ट होता. ज्याने ते नाव घेतलं, मग घाबरून का असेना, तो वस्तीतून कायमचा बाहेर. आणि ज्याने ते ऐकलं त्याने सूर्य मावळायच्या आत कारभाऱ्याला सांगायचं. न सांगेल तर ते पाप ऐकणाऱ्याचं. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, पण आड-विहिरीचा तळ तरी दिसतो. पदाया भट्टीच्या ढिगाऱ्यावर बसून राहिला. दुपार कलली. पलीकडच्या मवाबच्या डोंगरांवर तांबडं ऊन चढलं. ह्याने मला जीव दिलाय, असं त्याने स्वतःला दहादा सांगितलं. आणि दहाही वेळा त्याला ती न उघडलेली गुंडाळी दिसली. नाही सांगितलं, तर हाच तो पुरावा, हेच ते काळोखाचे भाग. तो उठला आणि कारभाऱ्याकडे निघाला. आपण न्यायासाठी चाललोय की भीतीपोटी, हे त्याला त्या वेळी नीट ठाऊक होतं. माणसाला ते नेहमीच ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. अज्जूर हातांना तेलाच्या चिंध्या बांधून उभा राहिला.

यदूथून म्हणाला, "साक्षीदार एकच आहे. एका साक्षीवर आम्ही निकाल देत नाही, नुसतं लिहून ठेवतो. पण तुलाच विचारतो. तू ते नाव घेतलंस का?"

पदायाच्या जिवात जीव आला. ही पळवाट त्याच्या लक्षातच नव्हती. अज्जूरला आठवत नाही, तो नाही म्हणेल, खोटंही होणार नाही आणि सुटेलही.

अज्जूरने भावाकडे बघितलं. मग म्हणाला, "मला आठवत नाही, कारभारी. पण दादा म्हणतो तर घेतलं असेल. दादा खोटं बोलत नाही."

एवढ्यावर निकाल लागला. अज्जूरच्या अंगावरचं पांढरं वस्त्र काढून घेतलं, एक जुनं घोंगडं दिलं, आणि तो दरवाजाबाहेर गेला. त्या दुपारी जेवायला बसताना त्याच्या खालचे सगळे एकेक जागा वर सरकले. पदाया भावाच्या चटईवर बसला. कुणीतरी हळूच म्हणालं, "सख्ख्या भावाला सोडलं नाही. ह्याला म्हणतात निष्ठा." पदायाने भाकर तशीच बाजूला सारली.

बाहेर काढलेला माणूस यरीहोला गेला असता तर कुणीही त्याला भाकर दिली असती, अर्ध्या दिवसाची तर वाट. पण आत घेताना प्रत्येकाकडून शपथ घेतलेली असते, की वस्तीच्या शुद्ध अन्नाशिवाय दुसऱ्याचं अन्न खाणार नाही. वस्ती माणसाला सोडते, शपथ सोडत नाही. आणि वस्तीतल्या कुणी त्याला अन्न दिलं, तर देणाराही बाहेर. मागे एकजण असाच ओढ्याच्या काठी सापडला होता. त्याच्या दातांत खारट पाला होता. पदायाने त्याला पुरायला मदत केली होती.

अज्जूर दूर गेला नाही. दक्षिणेच्या खडकाआड बसून राहिला. पहिले काही दिवस तो फिरताना, वाकून पाला तोडताना दिसायचा. नंतर फिरेनासा झाला. वस्तीच्या बुरुजावर पहारा करणारे लोक येता-जाता बोलायचे, "आहे अजून." मग, "आज हलला नाही वाटतं." पदाया चाकावर माती फिरवायचा आणि एकही मडकं सरळ उठायचं नाही. शेवटच्या लढाईत कर्णे वाजतील, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतील, हे त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं. आता त्याला ती समोरची रांग दिसायची, आणि तिच्यात घोंगडं पांघरलेला एकच माणूस असायचा. त्याचे हात भाजलेले असायचे.

तेराव्या दिवशी भर दुपारी त्याने आपली भाकर छातीशी लपवली, माती आणायला जातो म्हणून टोपली घेतली आणि निघाला. त्याची पाचावर धारण बसली होती. दोनदा तो मागे फिरला आणि दोनदा पुन्हा निघाला.

अज्जूर खडकाला टेकून बसला होता. ओठ हिरवे, गाल आत गेलेले. दादाला बघून त्याला आनंद झाला, आणि लगेच तो घाबरला.

"परत जा, दादा. बुरुजावरून दिसतं इथलं."

"आधी खा."

"शपथ आहे मला."

"अरे, वस्तीचीच भाकर आहे. टाक्यात उतरून आलोय मी. शुद्ध आहे."

"भाकर वस्तीची आहे, मी वस्तीचा नाही. मी हात लावला की विटाळली." त्याला धाप लागली. "शपथ मोडली तर उरलंसुरलं जाईल बघ. आठ भाग म्हणाले होते. निदान ते तरी राहू देत."

पदायाने भाकर मांडीवर ठेवली. मग अज्जूरच म्हणाला, "एक विचारू? खरं सांग. मी नक्की घेतलं होतं का रे ते नाव?"

"घेतलंस. मी मेलो असं वाटून घेतलंस. माझ्यासाठी."

अज्जूरने मान हलवली. "मग ठीक आहे. मला वाटायचं, उगाच तर नाही बाहेर काढलं."

हे ऐकून पदायाच्या आत काय झालं ते त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. भीती गेली, असं तो कधी म्हणाला नाही. उलट इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, असंच म्हणायचा. त्याने भाकर मोडली.

"तू हात लावू नकोस. हात माझा, भाकर माझी. मोडलेली शपथही माझ्या नावावर."

"असं नसतं, दादा."

"नसेल. आ कर."

अज्जूर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं. पदायाने आखूड, जाड बोटांनी घास त्याच्या जिभेवर ठेवला. अज्जूरला चावायचीही ताकद नव्हती, घास तोंडात फिरत राहिला. बुरुजावर दोन पांढरी वस्त्रं येऊन उभी राहिली. एकाने हात लांब करून इकडे दाखवलं.

"दादा, ते बघतायत."

"बघू देत," पदाया म्हणाला. त्याचे दात वाजत होते. त्याने दुसरा घास मोडला. "तू नीट चाव. ठसका लागेल."