आधी हलगी, मग भोंगा

आमच्या पेठेच्या इशारा कमिटीनं कुणाला वाचवलं का, असं विचाराल तर मी विषय बदलेन! किस्से विचारा. एक ओढावा तर त्याच्या शेपटाला दुसरा लटकलेला असतो. परवा एका लग्नाच्या पंगतीत तालमीतला जुना गडी शेजारी बसला, आणि आमची बासुंदी ताटात तशीच राहिली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आसपासची गोष्ट. आग लागली, पूर आला तर लोकांना कळवायचं कसं, म्हणून तालमीच्या कट्ट्यावर कमिटी झाली. अध्यक्ष तालमीचे वस्ताद. सेक्रेटरी मी, कारण मी शाळामास्तर, आणि पेठेत कसलंही काम निघालं की "मास्तर हाईत की!" ठरलेलं. पण कमिटीचा खरा आवाज म्हणजे धोंडीराम. गळ्यात हलगी अडकवून तो गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. त्याबद्दल सुगीला घरटी सूपभर जोंधळा मिळायचा, त्यावरच त्याचं घर चालायचं.

*

पहिली आग लागली ती कडब्याच्या गंजीला. भर दुपारी. धोंडीरामनं हलगी कडाडवली आणि सगळी पेठ लोटली की हो! पण कशी? फेटे बांधून! कोल्हापुरात हलगी कडाडली म्हणजे कुस्ती, दुसरं काय असणार? लोक गंजीभोवती गोल करून बसले. पुढच्या जागेवरनं भांडणं लागली.

धोंडीराम घसा फोडून ओरडतोय, "आरं, आग हाय, आग!"

तर एक पावणं त्यालाच विचारतंय, "व्हय, पर जोड कुनाची हाय?"

गंजी जळून खाक झाली. लोक शेवटपर्यंत बसून होते. जाताना कुरकुरले, कुस्ती काय झालीच न्हाय म्हणून.

*

मग वस्तादांनी आगीसाठी हलगीचा वेगळा ठेका ठरवला आणि घरोघरी बजावलं, "ह्यो ठेका ऐकला की घागर भरून पळत सुटायचं." एका सकाळी त्याचा सराव. सराव आहे हे कुणालाच सांगायचं नाही, ही आयडिया वस्तादांचीच!

ठेका वाजला. बायका घागरी घेऊन धावल्या. आग कुठं दिसेना. तालमीच्या दारात वस्ताद निवांत बिडी ओढत, कोण किती लवकर येतंय ते बघत उभे होते.

त्यांच्या अंगावर किती घागरी रिकाम्या झाल्या देव जाणे! मागनं विचारलं तर सगळ्यात पुढं असलेली आक्का म्हणाली, "आमास्नी काय ठावं? धूर तेवढाच दिसला!"

*

पुराची तर तऱ्हाच न्यारी. पंचगंगा चढायला लागली तशी धोंडीरामनं दवंडी दिली, "ऐका हो ऐका! नदीला पानी आलंय, घाटाकडं कुनी जाऊ नका होऽऽ!"

झालं! पेठ रिकामी. झाडून सगळी घाटावर! म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंबाळं, हातात भडंगाच्या पुड्या. मलकापूरचे कुणाचे तरी पाहुणे परत निघाले होते, ते गाडी सोडून पाणी बघायला थांबले. वस्ताद काठी घेऊन लोकांना मागं रेटत होते, आणि लोक त्यांनाच भडंग देत होते.

दुसऱ्या दिवशी वरच्या गल्लीतले चार जण तक्रार घेऊन माझ्या दारात. तोंडं लालबुंद.

"मास्तर, आमच्या गल्लीत दवंडी का फिरली न्हाय? आमचं पानी बघायचं ऱ्हायलं की!"

*

वस्तादांचं टाळकं सरकलं. त्यांनी जुन्या बाजारातनं लढाईच्या काळातला भोंगा उचलून आणला. हँडल फिरवलं की केकाटायचा. सगळे कौतुकानं बघत होते. धोंडीराम तेवढा मागं उभा होता.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "ह्यो आला म्हंजे माझी हलगी खुंटीला. मग सुपातलं जोंधळं कोन देतंय?"

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

भोंग्याची चाचणी झाली आणि पेठेत हाहाकार उडाला. म्हशी दावी तोडून पळाल्या. वाटणीवरनं भांडलेले दोन म्हातारे भाऊ, जग बुडालं समजून, भर चौकात एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. भोंगा थांबला तसे लगेच बाजूला झाले, आणि पुन्हा कधी बोलले नाहीत.

तातडीनं कमिटी बसली. वस्तादांनी ठराव मांडला, "भोंग्याआधी धोंडीरामनं समद्या पेठेत दवंडी द्यायची. भोंगा हुनार हाय, घाबरू नका म्हनून. लोकांस्नी आधी कळलं म्हंजे दचकायचं न्हाईत!"

मी म्हटलं, "वस्ताद, तोवर आग थांबेल काय?"

"आग थांबत न्हाय म्हनून नेम मोडायचा व्हय?"

ठराव पास! भोंगा आल्यापासून धोंडीराम पहिल्यांदा हसला.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका संध्याकाळी मी शाळेतनं येत होतो. समोरनं धोंडीराम. हलगी वाजवत, घामानं निथळलेला.

"ऐका हो ऐका! आता भोंगा हुनार हाय, कुनी घाबरू नका होऽऽ!"

तिकडं कट्ट्यावर वस्ताद भोंग्याचं हँडल धरून, दवंडी संपायची वाट बघत बसलेले. मागं कौलांवर धुराचा लोट.

मी त्याला थांबवलं. "अरे, आग कुठं लागलीय?"

"माझ्याच घराला की! बायकापोरं, म्हस, समदं भाईर काढलंय."

"मग मर्दा, घराकडं पळ की!"

धोंडीरामनं हलगी सावरली, चालता चालताच मान वळवली. "मास्तर, दोन गल्ल्या ऱ्हायल्यात. मधीच सोडली तर उद्या लोक म्हनतील, ह्याच्यापरास भोंगा बरा!"