मागच्या जिप्सीतली जागा

पूर्व उपनगरातल्या डेपोत माझी बदली झाली, तेव्हा मी कॅप्टन होते. आमच्या ट्रान्सपोर्ट प्लाटूनचा एक अलिखित नियम होता. ट्रेलरवरचा लोड ज्याने पास केला, त्याने ट्रेलरच्या लगेच मागच्या जिप्सीत बसायचे. बांधणी सुटली, तर लोड पहिल्यांदा त्याच्यावरच येणार. ती जिप्सी हवालदार कांबळे चालवत. मूळचे वाशीमकडचे; घर मानखुर्दला.

साखळी कशी निवडावी, असे आता अनेक ट्रेलरमालक मला विचारतात. उत्तर मी डेपोच्या शेडमध्ये शिकले. तिथे ग्रीसचा आणि थंड लोखंडाचा वास भरलेला असे. रोज सकाळी प्रत्येक साखळी मी बोटांतून सरकवत असे. निरोगी कड्या एकमेकींत मोकळ्या फिरतात. ताणलेली कडी लांबट लागते आणि अडखळते. अशी साखळी आम्ही त्याच दिवशी कापून टाकत असू, म्हणजे ‘हलक्या कामासाठी’ ती जपून ठेवण्याचा मोह कुणाला होत नसे. खोक्यांना बेल्ट चालतो. लोखंडी धारेवर तो कापला जातो. आणि साखळी कितीही दणकट असली, तरी भार तेवढाच धरावा, जेवढा तिचा हुक पेलेल.

एकदा एक डोझर बोरिवलीला पोचवायचा होता. आमचा ट्रेलर वर्कशॉपमध्ये होता, म्हणून मुलुंडच्या सावंतांचा भाड्याने घेतला. सावंत मालवणचे, बोलण्यात सढळ. त्यांनी स्वतःच्या साखळ्या पुढे केल्या.

“बघा मॅडम, नवी कोरी. झकास ना? तुमच्या त्या काळ्या चेनी बघून डोझर रुसेल.”

साखळी खरोखर देखणी होती. मी ती टोकापासून टोकापर्यंत तपासली आणि कड्यांवर ग्रेडचा, म्हणजे ताकदीचा, अंक कुठे आहे, असे विचारले.

“अंक कशाला? चेन आहे, लॉटरीचं तिकीट थोडीच आहे.”

मी त्यांना आमचा नियम सांगितला. “तुम्ही पास करता का, सावंत? मागच्या जिप्सीत जागा आहे.”

सावंतांनी जिप्सीकडे पाहिले, मग डोझरकडे. “तुमच्याच बांधा,” ते म्हणाले आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला गेले.

डोझरचे पाते खाली टेकवून आम्ही चार कोपऱ्यांतून चार साखळ्या तिरकस ओढल्या. प्रत्येकीवर ग्रेडचा अंक होता. मी लोड पास केला आणि कांबळ्यांच्या शेजारी बसले.

पवईच्या चढावर एक रिक्षा ट्रेलरसमोर आडवी आली. ब्रेक करकचले. डोझरने पुढे हिसका दिला. मागच्या दोन्ही साखळ्या तारेसारख्या ताठ झाल्या. मग ते सारे वजन आमच्याकडे परतले आणि त्याच साखळ्या किंचित सैलावल्या. आता सगळा भार पुढच्या दोन साखळ्यांवर होता. त्या मला दिसत नव्हत्या. लोखंडाचा एक दीर्घ, खोल स्वर तेवढा ऐकू आला. कांबळ्यांचे हात स्टिअरिंगवर स्थिर होते. डोझर बोटभरही सरकला नाही.

ट्रेलरच्या केबिनमधून आम्हाला, शेवटच्या गाडीला, विचारणा आली; रेडिओ खरखरला. “टेल, लोड रिपोर्ट.”

“लोड जागेवर. मूव्ह,” मी म्हणाले.

थोडे पुढे गेल्यावर कांबळे म्हणाले, “सावंतांना आणायला हवं होतं, मॅडम. फुकट हवा खाल्ली असती.”

पुढे कांबळ्यांची बदली डोंगरात झाली. तिथेही लोड पास केला, की ते मागच्या जिप्सीत बसत. एके दिवशी त्यांच्या सुभेदारांचा फोन आला. दरड कोसळली होती आणि ती नेमकी मागच्या जिप्सीवर आली होती. जे विचारण्याची सवय होती, तेच मी विचारले.

“लोड?”

“ट्रेलर वाचला, मॅडम. लोड जागेवर होता.”

आता मी नाहूरला राहते आणि खासगी ट्रेलरचे लोड तपासते. मी पास केलेला ट्रेलर निघाला, की मागच्या गाडीत बसते. स्टिअरिंगवर दुसरा कुणी असतो. चढ लागला, की नजर साखळ्यांवर ठेवते आणि माथा ओलांडला, की मनातल्या मनात रिपोर्ट देते.

हवालदार कांबळे, लोड जागेवर.