शेड अकराचा भोंगा

उमाकांत म्हणजे अंबत्तूरच्या त्या छोट्या कंपनीतला सगळ्यात हट्टी इंजिनिअर. सव्वीस वर्षं चेन्नईत काढली, तरी सांबारात गूळ घालणारा! काम एकच: कारखान्याच्या केंद्रातून निघालेला धोक्याचा इशारा प्रत्येक शेडच्या भोंग्याला एकाच वेळी, न चुकता पोचवायचा. सगळ्या भोंग्यांनी एकदम पोच दिली तर केंद्र गुदमरतं. म्हणून ज्याचा निरोप हुकला त्यानंच केंद्राकडे ओरडायचं, असा ह्याचा नियम. जो गप्प, त्याला पोचलं.

"पण सर, तारच तुटली तर तो ओरडणार कसा?" हाताखालच्या ऊर्मीनं विचारलं होतं. त्यासाठी दर मिनिटाला प्रत्येक भोंग्याची हजेरी घेतली जायची. तिच्यामुळे उगाच खोटे इशारे येतात, अशी गिऱ्हाइकानं कुरकूर केली आणि ह्या शहाण्यानं हजेरीच बंद करून टाकली.

मग त्याच गिऱ्हाइकाच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात विषारी वायू गळला. बाकी शेडमधली माणसं बाहेर पळाली. अकरा नंबरमधला नवीन नावाचा कामगार बाहेर आलाच नाही. केंद्राच्या नोंदीत मात्र स्वच्छ लिहिलेलं: इशारा सर्व शेडना पोचला. झालं! भोंगा ऐकूनही नवीन आत थांबला, असं चौकशीत ठरू लागलं. मेलेला काय डोंबल बोलणार!

उमाकांतनं अकराची तार स्वतः जाऊन पाहिली. उंदरांनी कधीच कुरतडलेली. मालक मकरंद म्हणाला, "तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल आणि माझी कंपनीही. गप्प बस."

पंधरा दिवस तो गप्प बसला. अन्न गोड लागेना. लाज वाटत होती, नुसती लाज.

सोळाव्या दिवशी त्यानं सगळं लिहून चौकशी अधिकाऱ्याच्या हातात दिलं आणि तसाच नवीनच्या घरी गेला. नवीन तंजावरकडचा मराठी. त्याची बायको जयंती दारात आली.

"वहिनी, भोंगा वाजलाच नव्हता. तार तुटल्याचं कळवणारी हजेरी मी बंद केली होती. नवीनला काही कळलंच नाही."

जयंती तशीच आत वळली. "अय्यो देवा! ह्यांच्या फोटोला मी रोज शिव्या घातल्या. ऐकूनही पाय कसे हलले नाहीत, पोरीचाही विचार आला नाही तुम्हाला, म्हणून."

आता त्या शिव्या आपल्याला बसणार, म्हणून उमाकांत मान खाली घालून उभा राहिला. पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. भिंतीवरच्या फोटोपुढे हात जोडून ती माफी मागत होती.